विश्लेषण : शेतकऱ्याचा मुलगा आमदार होतो कसा? आणि महाळुंग्यात ती वाट आता कुठून जाते?

घर पुणे महापालिकेत, सातबारा मुळशी तालुक्याचा, आमदार भोरचा आणि खासदार बारामतीचा. मुळशी तालुक्यातील महाळुंगे गावच्या मतदाराची आजची स्थिती अशी आहे. भाताची खाचरे असलेल्या या पट्ट्यात आता टॉवर उभे आहेत. शेतकरी घरातला तरुण ज्या पायऱ्या चढून विधानसभेपर्यंत जातो, त्यातल्या खालच्या पायऱ्या इथे उरलेल्या नाहीत. २०२४ मध्ये मुळशीला १५ वर्षांनी तालुक्यातला आमदार मिळाला, पण महाळुंग्याचा प्रश्न त्याने सुटला का?

महाळुंगे नेमके कुणाच्या हद्दीत?

आधी एक खुलासा. पुणे जिल्ह्यात चाकणजवळही महाळुंगे आहे, ते खेड तालुक्यातले. इथे बोलणे चालले आहे ते बाणेर-बालेवाडीला लागून असलेल्या, मुळा नदीकाठच्या महाळुंग्याविषयी. काही जण म्हाळुंगेही लिहितात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल याच शिवेवर आहे. सगळे त्याला ‘बालेवाडी स्टेडियम’ म्हणतात, महाळुंग्याचे नाव पत्त्यापुरते उरले आहे.

शेजारचे बाणेर आणि बालेवाडी १९९७ मध्येच महापालिकेत गेले. महाळुंगे गेले ते ३० जून २०२१ रोजी, राज्य सरकारने २३ गावे पुण्यात घेतली तेव्हा. मुळशी तालुक्यातून महाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक ही तीन गावे त्यात होती. त्या दिवसापासून ग्रामपंचायत संपली. महसुली तालुका मात्र मुळशीच राहिला, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे काम निघाले की पौडचा रस्ता धरावा लागतो. गावाच्या विकास आराखड्याचे अधिकार त्याच वर्षी सरकारने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे दिले.

थोडक्यात, मालमत्ता कर एकीकडे, नकाशा दुसरीकडे आणि सातबारा तिसरीकडे. या तिन्ही ठिकाणी आपले काम घेऊन जाणारा माणूस कोण, हा इथला खरा राजकीय प्रश्न आहे.

ही शिडी असते तरी कशी?

महाराष्ट्रातल्या ग्रामीण नेत्यांच्या चरित्रांत एक ठरलेला क्रम दिसतो. आधी गावची विविध कार्यकारी सोसायटी किंवा ग्रामपंचायत, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, सोबतीला जिल्हा बँक, दूध संघ किंवा साखर कारखान्याचे संचालकपद आणि त्यानंतर विधानसभा. हा क्रम आपोआप घडलेला नाही. १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला आणि शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पाणीपुरवठा अशी कामे निवडून आलेल्या स्थानिक माणसांच्या हाती आली. राज्याच्या नेतृत्वाची एक मोठी भरती त्यानंतर याच वाटेने झाली.

सोसायटीचेच उदाहरण घ्या. पीककर्ज जिल्हा बँकेकडून सोसायटीकडे आणि तिथून शेतकऱ्याकडे येते. त्यामुळे कुणाच्या घरी किती थकबाकी आहे, कुणाची वाटणी भावकीत अडली आहे, कुणाच्या सातबाऱ्यावर बोजा आहे, हे सोसायटीच्या चेअरमनला पाठ असते. सरपंचाला कुठल्या वस्तीवर नळ पोचला नाही ते ठाऊक असते. जिल्हा परिषद सदस्याचा गट म्हणजे वीस-तीस गावे, त्यांची लग्ने, दशक्रिया, जत्रा आणि भांडणे. आमदारकीच्या निवडणुकीत जी माहिती पैसे टाकून गोळा करता येत नाही, ती या पायऱ्यांवर दहा-पंधरा वर्षांत फुकट जमा होते. अर्थात त्या माहितीचा वापर लोकांची कामे करण्यासाठी होतो तसाच लोकांना बांधून ठेवण्यासाठीही होतो. दोन्हीची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आहेत.

या वाटेचे सर्वांत ओळखीचे नाव आर. आर. पाटील. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील अंजनी गावचा, ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून शिकलेला हा मुलगा १९७९ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आला. १९९० पर्यंत तो तिथेच होता. मग आमदार, १९९९ मध्ये ग्रामविकास मंत्री, पुढे गृहमंत्री आणि उपमुख्यमंत्री. त्यांच्या नावाशी जोडले गेलेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि २००७ चे तंटामुक्त गाव अभियान पाहिले, तर ११ वर्षे जिल्हा परिषदेत बसलेल्या माणसाचा ठसा त्यात दिसतो. गावात घाण कुठे साचते आणि भांडण कुठे साचते, हे मंत्रालयात बसून सुचत नाही. लातूरजवळच्या बाभळगावचे सरपंच राहिलेले विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, तीही याच शिडीची गोष्ट. त्यांचे घर मात्र आबांच्या घरासारखे साधे नव्हते. ‘शेतकरी पार्श्वभूमी’ या दोन शब्दांत दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी आणि गावचा मोठा जमीनदार असे दोघेही बसतात, हे लक्षात ठेवलेले बरे.

मुळशीचा स्वतःचा आमदार कुठे गेला?

मुळशी हा पूर्वी स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. कुस्तीत आणि राजकारणात सारखेच वजन असलेले मामासाहेब मोहोळ याच तालुक्याचे. ‘महाराष्ट्र केसरी’ विजेत्याला दिली जाणारी मानाची गदा आजही मोहोळ कुटुंबाकडून त्यांच्या स्मरणार्थ दिली जाते. त्यांचे पुत्र अशोक मोहोळ १९९८ आणि १९९९ मध्ये तेव्हाच्या खेड लोकसभा मतदारसंघातून खासदार झाले. त्याच मतदारसंघातून १९९१ मध्ये निवडून आलेले विदुरा ऊर्फ नानासाहेब नवले यांचे नाव मुळशी-मावळच्या शेतकऱ्यांना संत तुकाराम सहकारी साखर कारखान्यामुळे जास्त परिचित आहे. तालीम, कारखाना आणि पंचायत समिती हे इथल्या राजकारणाचे जुने अड्डे.

२००४ मध्ये शिवसेनेचे शरद ढमाले मुळशीतून आमदार झाले. ते या मतदारसंघाचे शेवटचे आमदार ठरले. २००८ च्या पुनर्रचनेत मुळशी आणि खेड हे दोन्ही मतदारसंघ नकाशावरून गेले. मुळशी तालुका भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांसह ‘२०३ भोर’ मतदारसंघात गेला, आणि लोकसभेसाठी बारामतीत.

२०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, मुळशीची १ लाख ७१ हजार आणि वेल्ह्याची ५४ हजार होती. म्हणजे एकटा मुळशी भोरच्या जवळपास बरोबरीचा. पण राजकीय वजन केवळ डोकी मोजून ठरत नाही. भोरमध्ये अनंतराव थोपटे यांचे घर होते. सहा वेळा आमदार, मंत्रिपद, राजगड सहकारी साखर कारखाना, शिक्षणसंस्था असे सगळे एका हाती. १९९९ मधला त्यांचा पराभव आणि त्यामागे शरद पवारांशी असलेले वैर हा भोरच्या पारावर आजही चघळला जाणारा विषय आहे. त्यांचे पुत्र संग्राम थोपटे २००९, २०१४ आणि २०१९ असे सलग तीनदा काँग्रेसकडून जिंकले. मुळशीत मात्र एकाच वेळी तीन-चार नेते उभे राहायचे, मते फुटायची आणि गुलाल भोरला उधळला जायचा.

महाळुंग्याहून भोर साठेक किलोमीटर. मध्ये अख्खे पुणे शहर. महाळुंग्यातल्या माणसाला पुण्यातली कलेक्टर कचेरी आमदाराच्या गावापेक्षा कितीतरी जवळ पडते.

२०२४ मध्ये काय बदलले?

‘आमदार मुळशीचाच हवा’ ही भावना तालुक्यात जुनीच होती. २०२४ मध्ये तिला उमेदवार आणि पक्ष एकाच वेळी मिळाले. जिल्हा परिषदेचे माजी सदस्य शंकर मांडेकर हे शिवसेनेच्या (ठाकरे) बाजूला होते. जागा काँग्रेसकडे जाणार हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी निवडणुकीच्या तोंडावर अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत प्रवेश केला आणि महायुतीची उमेदवारी मिळवली. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला तेव्हा त्यांनी संग्राम थोपटे यांना १९ हजारांहून अधिक मतांनी हरवले होते.

हा निकाल दोन कारणांनी वेगळा ठरतो. एक तर त्याच वर्षी, जेमतेम सहा महिने आधी, याच भोर मतदारसंघाने लोकसभेला सुप्रिया सुळे यांना आघाडी दिली होती. दुसरे, मांडेकरांसमोर थोपटे एकटे नव्हते. २०१९ मध्ये थोपटेंकडून सुमारे नऊ हजार मतांनी हरलेले कुलदीप कोंडे बंडखोरी करून अपक्ष उभे होते आणि बावधनचे नगरसेवक राहिलेले भाजपचे किरण दगडे पाटीलही अपक्ष म्हणून रिंगणात होते. महायुतीची मते तीन ठिकाणी वाटली जाऊनही मांडेकर निवडून आले. पक्षापेक्षा तालुका मोठा ठरला, असे त्याचे वर्णन तेव्हा झाले आणि ते फारसे चुकीचे नाही. पण पक्षबदलाने उमेदवारी मिळवता आली नसती तर तालुक्याची भावना पुन्हा पाच वर्षे भावनाच राहिली असती, हेही खरे. एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. म्हणजे काल एकमेकांविरुद्ध लढलेली दोन्ही घरे आज सत्तेच्या एकाच मांडवाखाली आहेत.

मांडेकरांची कारकीर्द ही त्या जुन्या शिडीचीच कारकीर्द आहे : जिल्हा परिषद, पक्षसंघटना, विधानसभा. गंमत अशी की त्यांच्या मतदारसंघातली जी गावे सर्वांत वेगाने वाढत आहेत, तिथल्या पुढच्या पिढीला ही शिडी वापरता येणार नाही.

महाळुंग्याच्या हाती काय उरले?

ग्रामपंचायत गेली तेव्हा तिच्यासोबत सरपंच आणि सदस्य गेले. कायद्याने ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात, म्हणजे प्रत्येक आळीला दार ठोठावता येईल असा एक तरी माणूस. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे मतदान गेले. त्याच्या जागी नगरसेवक यायला हवा होता, पण १४ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर चाके हलली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. ३० जून २०२१ पासून मोजले तर महाळुंगे साडेचार वर्षे स्वतःच्या स्थानिक प्रतिनिधीशिवाय राहिले. या साडेचार वर्षांत रस्ता, कचरा, टँकर, सांडपाणी यांची तक्रार करायची ती अधिकाऱ्याकडे किंवा थेट भोरच्या आमदाराकडे.

आता नगरसेवक आहेत, पण कसे? महापालिकेचे ४१ प्रभाग आणि १६५ जागा. एका प्रभागात साधारण चार नगरसेवक आणि २०११ ची लोकसंख्या धरली तरी सरासरी ८० हजारांहून अधिक माणसे. महाळुंगे येते प्रभाग ९ मध्ये. या प्रभागाचे नाव सूस-बाणेर-पाषाण. शेतकरी घरातल्या तरुणाला पूर्वी आपल्या वॉर्डातल्या काही शे मतांवर ग्रामपंचायत सदस्य होता येत असे. आता पहिलीच पायरी चढायची तर बाणेर-पाषाणच्या सोसायट्यांमध्ये प्रचार करावा लागेल, जिथे त्याला कुणी ओळखत नाही आणि गेटवर वॉचमन नाव विचारतो.

जुन्या पद्धतीला फार गोड मानण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतींच्या काळातच शहराच्या कडेला अरुंद रस्ते आणि ड्रेनेजशिवायच्या इमारती उभ्या राहिल्या. हजारो फ्लॅटधारक गावात आले, तरी कारभार गावकीच्या हिशेबानेच चालला. महापालिका हवी असे म्हणणारेही गावात होतेच. पण एक व्यवस्था गेली आणि दुसरी यायला साडेचार वर्षे लागली, त्याचे समर्थन कुणाला करता येणार नाही.

शहरातून जाणारी दुसरी वाट

मुळशीतून निघालेली दुसरी एक कारकीर्द इथे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. मुरलीधर मोहोळ मुळशीतल्या मुठा गावचे, कुस्तीच्या वातावरणात वाढलेले, तालमीसाठी कोल्हापूरला राहिलेले. पण राजकारण त्यांनी केले पुण्याच्या कोथरूड भागात. नगरसेवक, स्थायी समितीचे अध्यक्ष, नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौर, २०२४ मध्ये पुण्याचे खासदार. पहिल्यांदाच लोकसभेत गेले आणि ९ जून २०२४ रोजी केंद्रीय राज्यमंत्री झाले. त्यांच्याकडच्या खात्यांमध्ये नागरी विमान वाहतुकीसोबत सहकार हे खातेही आहे. मुळशीच्या मागच्या पिढीतले नेते सहकारातून राजकारणात आले; मोहोळ महापालिकेतून गेले आणि सहकार त्यांच्याकडे खाते म्हणून आले.

कोथरूडमध्ये मुळशीहून आलेली हजारो कुटुंबे आहेत. तिथे गावाकडचा माणूस आणि शहरी मतदार यांची सांगड घालता आली. महाळुंग्याच्या नव्या पिढीला आता हीच वाट शिकावी लागेल. फरक एवढाच की मोहोळ गावातून शहरात गेले होते; महाळुंग्यात शहरच गावात आले आहे आणि मूळ रहिवासी आपल्याच शिवारात अल्पसंख्य होत आहेत.

शेती संपली की ‘शेतकरी पार्श्वभूमी’चे काय?

हा मुद्दा सगळ्यांत नाजूक. महाळुंगे आणि शेजारचे माण मिळून सुमारे २५० हेक्टरवर पीएमआरडीएने आपली पहिली नगररचना योजना आणली. तिची पद्धत भूसंपादनापेक्षा वेगळी आहे. शेतकऱ्याला जमिनीचे पैसे देऊन बाजूला केले जात नाही. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते-उद्यानांसाठी जागा काढून, मूळ मालकाला जवळपास निम्म्या क्षेत्राचा विकसित भूखंड परत मिळतो. कागदावर सौदा वाईट नाही. गावात खरी भांडणे होतात ती पुढच्या प्रश्नांवर : भूखंड कुठे मिळाला, रस्त्याला लागून की आत, भावांच्या सामाईक गटाची वाटणी कशी झाली, घर आणि विहीर ज्या तुकड्यावर आहे तो गेला का. प्रत्येक हरकतीवर सुनावणी असते, आणि सुनावणीला वकील नेता येतो किंवा पुढारी.

पूर्वी हे काम सरपंच करायचा. सोबत बसायचा, अर्ज लिहून द्यायचा, साहेबांना भेटवायचा. त्या भेटीगाठींतून त्याचे पुढारपण घडायचे. आज तेच काम कोण करतो, हे पाहिले तर या पट्ट्यातला उद्याचा नेता कोण असेल याचा अंदाज येतो. अनेकदा तो जमीन व्यवहारातला मध्यस्थ असतो. त्याचे मूळ शेतकरी घरातलेच असते, निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात व्यवसायासमोर ‘शेती’ लिहिणेही खोटे नसते. पण त्याचे भांडवल पीककर्जाच्या वहीतून आलेले नसते. प्रवीण तरडे यांच्या २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ने जमीन विकल्यानंतरच्या घराचे काय होते हे दाखवले आणि तालुक्याच्या नावावर एक शिक्काही मारला, जो इथल्या अनेकांना आवडत नाही. चित्रपटात पिस्तूल होते; प्रत्यक्षात बहुतेक घरांत उरते ती वाटणीची फाइल.

शंभर वर्षांपूर्वी याच तालुक्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, १९२१ ते १९२४. धरण झालेच आणि मावळी शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. तेव्हा त्यांना मत नव्हते. आता मत आहे, तीन-तीन ठिकाणी आहे, आणि तरीही भूखंडाच्या सुनावणीला सोबत कुणाला न्यायचे हा प्रश्न आहे.

पुढे काय होऊ शकते?

८४ व्या घटनादुरुस्तीनुसार मतदारसंघांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. ही जनगणना २०२७ मध्ये होत असून तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यानंतर पुनर्रचना झाली तर मुळशी, हिंजवडी आणि पुण्याच्या पश्चिम कडेची वाढलेली लोकसंख्या मोजावीच लागेल. मुळशीला पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मिळू शकतो किंवा महाळुंगे-सूस-बावधन शहरी मतदारसंघाला जोडले जाऊ शकतात. दुसरे घडले तर पुढचा मुळशीचा आमदार निवडताना महाळुंग्याचे मत नसेल.

दरम्यान हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत ही मागणी २०२५ मध्ये वाहतूक कोंडीवरून पुन्हा जोरात आली. ती मान्य झाली तर मुळशी तालुक्यातल्या आणखी ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेच्या जागा कमी होतील. तोवर महाळुंग्याचा मतदार महापालिकेला प्रभाग ९ मध्ये, विधानसभेला ‘२०३ भोर’मध्ये आणि लोकसभेला ‘३५ बारामती’मध्ये मतदान करत राहील. पुणे जिल्हा परिषदेच्या मतदार यादीत त्याचे नाव नाही.